अपक्षाचं मत आणि बारा खुर्च्या

मागे पक्षांतरावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पुण्याहून भाच्याची लांबलचक मेल आली. मुलगा हुशार आहे, वाचन चांगलं आहे, त्यामुळे त्याला उत्तरही सविस्तर द्यायला हवं. आणि उत्तर द्यायचंच तर ते सगळ्यांसमोर द्यावं, म्हणून इथे लिहितोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मामा, तुमच्या गोव्यासारख्या टीचभर विधानसभेत सगळ्या रोगाचं मूळ अपक्ष आहेत. दोन-तीन माणसं अख्खं सरकार वेठीला धरतात. अपक्षांना निवडणूक लढवायलाच बंदी घाला. विधी आयोगानेही हेच सांगितलंय."

आयोगाचं तो खरंच सांगतोय. मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात विधी आयोगाने शिफारस केली आहे की निवडणूक फक्त नोंदणीकृत पक्षांनीच लढवावी, अपक्षांना मनाई करावी. बहुतेक अपक्ष हे डमी असतात, गंभीर नसतात, मतदारांचा गोंधळ उडवायला उभे असतात, असं कारण दिलंय. भाच्याने आपल्या बाजूने मधू कोडांचंही उदाहरण दिलंय. ८१ जणांच्या झारखंड विधानसभेत एक अपक्ष आमदार २००६ ते २००८ अशी जवळजवळ दोन वर्षं चक्क मुख्यमंत्री होता, आणि २०१७ साली कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. उदाहरण बिनतोड आहे. मी ते नाकारत नाही.

तरीही माझं म्हणणं अगदी उलट आहे. छोट्या विधानसभेत अपक्ष फार बलवान झालाय हे खोटं. बलवान झालंय ते मंत्रिमंडळ, इतकं की त्याने विधानसभाच गिळून टाकली आहे. अपक्ष हा त्या पोटात गेलेला शेवटचा घास, एवढंच.

मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. विधिमंडळ कायदे करतं आणि सरकारवर लक्ष ठेवतं, कार्यकारी मंडळ कारभार करतं, न्यायमंडळ निवाडा करतं. पोरं हे घडाघडा पाठ म्हणायची. पण एखादा चौकस मुलगा विचारायचा, "सर, लक्ष ठेवणारे आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते एकच असले तर?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नव्हता. त्याचं उत्तर पर्वरीच्या सभागृहात बघायला मिळतं. चला, आधी थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीचं आहे.

गोवा विधानसभेत ४० आमदार. बहुमताला लागतात २१. मंत्री किती करता येतात? मुख्यमंत्र्यांसह १२. म्हणजे काठावरच्या बहुमताच्या सरकारात २१ पैकी १२ जण मंत्री. निम्म्याहून जास्त! त्यात सभापती आणि उपसभापती धरा, झाले १४. राहिले ७. आता महामंडळं मोजा. औद्योगिक विकास महामंडळ आहे, पर्यटन महामंडळ आहे, कदंब परिवहन आहे, गृहनिर्माण मंडळ आहे. यांच्या अध्यक्षपदांवर आमदार बसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या सातातले किती उरले? ज्याला सरकारकडून काहीच मिळालेलं नाही असा सत्ताधारी आमदार शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. आणि असा एखादा सापडलाच तर तो नाराज असतो, आणि 'नाराज' या शब्दाचा आपल्या वर्तमानपत्रांतला अर्थ एवढाच की त्याला अजून काही मिळालेलं नाही.

आता शेजारी महाराष्ट्रात बघा. आमदार २८८, बहुमत १४५, मंत्री जास्तीत जास्त ४३. म्हणजे बहुमताच्या तीस टक्क्यांच्या आसपास. बाकीचे शंभरेक आमदार तरी मंत्री नसतात. ते सगळे सरकारला जाब विचारतात असं नाही हं! पण निदान तेवढे लोक खुर्चीबाहेर असतात. दिल्लीत आमदार ७०, आणि घटनेनेच तिथे दहा टक्क्यांची मर्यादा घातल्यामुळे मंत्री फक्त ७. उलट सिक्कीममध्ये आमदार ३२, बहुमत १७, मंत्री १२ पर्यंत. सतरातले बारा! सभागृह जितकं लहान तितकं त्याच्यावर मंत्रिमंडळाचं वजन जास्त, असा हा उफराटा हिशेब आहे.

हे झालं कसं? २००३ साली ९१ वी घटनादुरुस्ती झाली. हेतू चांगला होता. त्या काळी मंत्रिमंडळं भलतीच फुगायला लागली होती. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांच्या मंत्रिमंडळाने तर नव्वदी ओलांडली होती. म्हणून ठरलं की मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पण त्यालाच एक शेपूट जोडलं, की राज्यात मुख्यमंत्र्यांसह मंत्री बारापेक्षा कमी नसावेत. मोठ्या राज्यांना या शेपटाचं काही सोयरसुतक नाही. गोव्याला मात्र १५ टक्क्यांनी ६ मंत्री आले असते, ते शेपटामुळे १२ झाले. जो कायदा मंत्रिमंडळं आटोक्यात ठेवायला आला त्यानेच आम्हाला दुप्पट मंत्री दिले. गोव्यात तालुके बारा, मंत्रीही बारा. तालुक्याला एक! पेशवाईत बारभाई होते, पण त्यांना निदान नाना फडणीस तरी लाभला होता.

बारा मंत्र्यांशिवाय राज्य चालत नाही असं कुणी म्हणेल तर त्याने १९६३ आठवावं. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीवची पहिली निवडणूक झाली. मी तेव्हा शाळकरी पोर. सभागृह ३० जणांचं, बसायचं पणजीच्या जुन्या आदिलशाही राजवाड्यात. भाऊसाहेब बांदोडकरांनी २० डिसेंबरला शपथ घेतली ती तीन जणांच्या मंत्रिमंडळाची. तीन! आणि पोर्तुगीज जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, शाळा नाहीत, रस्ते नाहीत, प्रशासनाची सगळी घडी नव्याने बसवायची होती. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या याच काळात. माझ्यासारख्याला शिकून पुढे शिक्षक होता आलं ते त्या शाळांमुळे. तेव्हा खात्यांच्या संख्येने राज्य चालतं हे मला कुणी सांगू नये.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात अपक्ष कुठे बसतो?

१९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून पक्षाच्या आमदाराला स्वतःचं मत उरलेलं नाही. पक्षाचा व्हिप निघाला की हात वर, नाहीतर आमदारकी जाते. तो हात आमदाराचा, पण डोकं पक्षाध्यक्षाचं. या कायद्यात अपक्षासाठी एकच अट आहे: निवडून आल्यावर त्याने कुठल्याही पक्षात जायचं नाही, गेला तर आमदारकी रद्द. बाकी त्याच्यावर व्हिप नाही. म्हणजे चाळीस जणांच्या सभागृहात खरोखर स्वतःच्या मनाने हात वर करू शकणारे ते दोन-तीनच! लोकशाहीच्या हिशेबाने ही सभागृहातली सगळ्यात मोलाची मतं. आणि विधी आयोग म्हणतो, तीच काढून टाका. खोलीत एकच खिडकी आहे, तिच्यातून धूळ येते, म्हणून ती भिंत घालून बुजवून टाका, असला हा सल्ला झाला.

पण या मोलाच्या मताचं आपण काय केलं? त्याचा भाव ठरवला. एक मंत्रिपद.

२०१७ सालचं बघा. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. कुणालाच २१ नाहीत. निकाल लागला ११ मार्चला आणि १४ मार्चला मनोहर पर्रीकरांनी शपथ घेतली. त्यांच्याबरोबर नऊ मंत्री. त्या नवांत भाजपचे किती? दोन. गोवा फॉरवर्डचे तिघेच्या तिघे, मगोचे दोघे आणि अपक्षांपैकी दोघे, रोहन खंवटे आणि गोविंद गावडे. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ ने जिंकला. भाचा म्हणतो तसं 'वेठीला धरणं' म्हणायचं तर म्हणा. पण पुढे काय झालं तेही बघा ना.

मार्च २०१९ मध्ये पर्रीकर गेले, प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात एका मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. जुलैत काँग्रेसचे १० आमदार एकदम गेले. भाजपचे झाले २७. मग लगेच १३ जुलैला गोवा फॉरवर्डच्या तिन्ही मंत्र्यांना आणि खंवट्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. कारण? त्यांनी कारभार वाईट केला असं कुणी म्हटलं नाही. गरज संपली होती. पुढे २०२२ च्या निवडणुकीआधी खंवटे भाजपमध्ये गेले आणि त्या पक्षातर्फे पुन्हा मंत्री झाले. हे व्यक्तीवर बोट दाखवायला सांगत नाही. खेळ कसा चालतो ते कळावं म्हणून सांगतोय. सरकारला अपक्षाचं मत लागतं तोपर्यंत त्याला बंगला, गाडी, खातं. मत लागेनासं झालं की घरी. मग वेठीला कोण कुणाला धरतं? ज्या मताने सरकारवर लगाम ठेवायचा ते मत सरकारच्याच तबेल्यात बांधलेलं असतं, आणि दोरी मुख्यमंत्र्यांच्या हातात.

मंत्री झालेला अपक्ष सरकारला प्रश्न विचारू शकत नाही. मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी असते, सरकारच्या प्रत्येक निर्णयाशी तो बांधला जातो. निवडून येताना "मी कुणाचा नाही, मी तुमचा" असं म्हणून मतं घेतली, आणि शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरकारी बाकावर बसून प्रत्येक विधेयकाला होकार. कायदा म्हणतो तो पक्षात गेलेला नाही. कागदावर नाही गेला. पण व्हिप नसताना व्हिप पाळणाऱ्या माणसाला अपक्ष म्हणायचं तर मग पक्षाचा माणूस कुणाला म्हणायचं?

भाच्याच्या मुख्य आरोपाकडे, म्हणजे अस्थिरतेकडे वळतो. गोव्याने अस्थिरता पुष्कळ भोगली आहे. १९९० ते २००० या काळात दहाहून जास्त वेळा मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. पण सरकारं पाडली कुणी? १९९० साली फुटले ते काँग्रेसचे आमदार, त्यांत खुद्द सभापती होते, तेच पुढे मुख्यमंत्री झाले. २०१९ ला दहा गेले ते काँग्रेसचे. सप्टेंबर २०२२ ला अकरापैकी आठ गेले तेही काँग्रेसचेच. हे सगळे पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले. दोन-तृतीयांश जणांनी मिळून उडी मारली तर कायद्याने तो गुन्हा नाही, ते 'विलीनीकरण'. मोठ्या सभागृहात दोन-तृतीयांश जमवणं कठीण, पण छोट्या सभागृहात तिनांतले दोन जमवायला एक रात्र पुरते. एकट्या अपक्षाला मात्र ही पळवाट नाही. तेव्हा पक्षांतराचा आकडा मांडला तर पक्षवाल्यांपुढे अपक्ष बिचारे सोवळे ठरतील.

हिमाचलचं ताजं उदाहरण घ्या. तिथे ६८ आमदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेच्या एका जागेसाठी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला, तो भाजपच्या बाजूने लागला. काँग्रेस सरकारच्या विरोधात मत देणारे नऊ जण निघाले. त्यांत अपक्ष तीन, आणि काँग्रेसचे स्वतःचे सहा! पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या तिघा अपक्षांना भाजपमध्ये जायचं होतं. कायद्याने थेट जाता येत नाही, म्हणून त्यांनी राजीनामे दिले आणि जुलै २०२४ मध्ये भाजपच्या तिकिटावर पोटनिवडणूक लढवली. तिघांपैकी दोघे पडले, एक आला. मतदारांनी प्रत्येकाचा वेगवेगळा निवाडा केला. मला विचाराल तर असंच व्हायला हवं. ज्याचं मत आहे त्याला विचारा.

अपक्षाच्या मताची भीती सरकारांना किती वाटते हे बघायचं असेल तर २ फेब्रुवारी २००५ आठवा. पर्रीकर सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता. सरकार काठावर होतं. मतदानाआधी सभापतींनी एका अपक्ष आमदाराला मार्शलकरवी सभागृहाबाहेर काढलं आणि ठराव संमत झाला. राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच दिवशी सरकार बरखास्त केलं आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. पुढे महिन्याभरात राणे सरकारच्या ठरावाच्या वेळी काय झालं? हंगामी सभापतींनी विरोधातल्या एका आमदाराला मतदान करू दिलं नाही, बरोबरी झाली आणि सभापतींनी स्वतःचं निर्णायक मत सरकारच्या पारड्यात टाकलं. शेवटी ४ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. दोन्ही पक्षांनी एकाच महिन्यात एकच पाप केलं, त्यामुळे इथे कुणी कुणाकडे बोट दाखवायचं कारण नाही. छोट्या सभागृहात एका मताने सरकार येतं-जातं, म्हणून ते एक मत विकत घेता आलं तर घ्यायचं आणि घेता आलं नाही तर दाराबाहेर काढायचं. ते मत तिथेच बसून, मोकळेपणाने, दर विधेयकावर स्वतःचं डोकं चालवेल ही तिसरी शक्यता कुणालाच नको असते.

ही तिसरी शक्यता म्हणजे माझं स्वप्नरंजन नव्हे. कॅनडाच्या उत्तरेला नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाचा प्रदेश आहे. लोकसंख्या चाळीस-पंचेचाळीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शहराएवढी. प्रदेश मात्र गोव्याच्या तीनशे पटींहून मोठा. त्यांच्या विधानसभेत १९ सदस्य आणि सगळेच्या सगळे अपक्ष. तिथे पक्षच नाहीत. निवडून आल्यावर हे एकोणीस जण आपल्यातूनच सभापती निवडतात, पंतप्रधान निवडतात आणि सहा मंत्री निवडतात. मंत्रिमंडळ झालं सात जणांचं, एक सभापती, उरले अकरा. मंत्रिमंडळ कायम अल्पमतात! प्रत्येक अंदाजपत्रक, प्रत्येक विधेयक पास करायला त्यांना अकरांपैकी काही जणांना पटवावंच लागतं. धमकावून नाही, कारण व्हिप नाही. मंत्रिपद देऊनही नाही, कारण ती सभागृहाने आधीच वाटलेली आहेत.

या पद्धतीतही खोट आहे. पंतप्रधान कोण होणार हे मतदाराला मत देताना माहीत नसतं, आणि एखादं धोरण फसलं तर पुढच्या निवडणुकीत कुणाला धडा शिकवायचा हे कळत नाही. पक्ष असला की निदान एक जाहीरनामा हातात असतो. तेव्हा गोव्यात पक्ष बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या पद्धतीतलं एक तत्त्व आपण घ्यायलाच हवं. राज्य करणारे सभागृहात नेहमी थोडे असावेत आणि त्यांना तपासणारे जास्त.

मग करायचं काय? माझ्या मागण्या तीन.

पहिली, घटनेतलं ते बाराचं शेपूट कापा. चाळीस जणांच्या सभागृहाला आठ मंत्री पुष्कळ झाले. बांदोडकरांच्या काळापेक्षा कामं वाढली आहेत हे मान्य, म्हणून तीन म्हणत नाही. खुर्च्या कमी झाल्या की भाव लावायला मालच कमी राहील. आणि मंत्रिपदांना मागच्या दाराने पर्याय काढायचा नाही. गोव्यात संसदीय सचिव नेमण्याचा प्रयोग झाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ साली रद्द केला. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आसामचा तसा कायदा मोडीत काढला. महामंडळांची अध्यक्षपदंही याच मापाने मोजायला हवीत.

दुसरी, अपक्षाला मंत्री व्हायचं असेल तर खुशाल व्हावं, पण आधी राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जावं. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. इंग्लंडमध्ये फार जुना नियम होता की खासदार मंत्री झाला की त्याने पोटनिवडणूक लढवायची. १९०८ साली विन्स्टन चर्चिल मंत्री झाले आणि मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत चक्क पडले! मग त्यांना दुसरा मतदारसंघ शोधावा लागला. त्यांनी तो नियम १९२६ पर्यंत पूर्णपणे मोडीत काढला, कारण प्रत्येक मंत्र्याला पुन्हा निवडणूक हा फार खटाटोप होता. मी सरसकट सगळ्या मंत्र्यांना म्हणत नाही. पक्षाच्या तिकिटावर आलेल्याला मत देताना मतदाराला माहीत असतं की पक्ष जिंकला तर हा मंत्री होऊ शकतो. अपक्षाने मात्र 'मी कुणाचा नाही' या बोलीवर मत घेतलेलं असतं. बोली बदलायची तर विचारायला नको? आपल्या मतदारसंघात मतदार किती, तर पंचवीस-तीस हजार. पोटनिवडणुकीला काय खर्च येईल तो येईल. नंतरच्या पाच वर्षांच्या सौदेबाजीपेक्षा स्वस्तच पडेल.

तिसरी, अपक्षाने सरकारला बाहेरून पाठिंबा द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा आणि तो कागद सभागृहाच्या पटलावर ठेवावा. विश्वासदर्शक ठरावावर आणि अंदाजपत्रकावर मी सरकारबरोबर, बाकी विधेयकांवर मी मोकळा; बदल्यात माझ्या मतदारसंघासाठी अमुक पूल, अमुक पाण्याची योजना. लिहून द्या, लोकांना वाचू द्या. याने सरकारही टिकतं आणि मतही मोकळं राहतं. स्थैर्य आणि अंकुश दोन्ही एकाच वेळी मिळतात ते असे. आज हा सौदा होतोच, फक्त तो एखाद्या हॉटेलच्या खोलीत होतो.

आता आमच्या नातेवाइकांपैकी एक-दोघं काय म्हणणार ते मला माहीत आहे. मेव्हण्यांचा तर फोनच येईल. "भावजी, तुमचं सगळं बरोबर, पण आमचा आमदार मंत्री झाला तेव्हा रस्ता झाला. नळाला पाणी आलं. पोराला नोकरी लागली. विरोधात बसलेल्याकडे जाऊन काय मिळतं?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. मत देणाऱ्याला संसार असतो. उन्हाळ्यात दोन-दोन दिवस नळ कोरडा राहिलेल्या बाईला सत्तेच्या समतोलावर व्याख्यान देणं हा उद्धटपणा आहे.

पण मेव्हणेबुवा, असं बघा. आमदार मंत्री झाल्याशिवाय नळाला पाणी येत नसेल तर चाळीसपैकी अठ्ठावीस मतदारसंघांनी काय करायचं? तुमचं पाणी तुमच्या आमदाराच्या खुर्चीला बांधलेलं असेल तर त्याची खुर्ची गेली की पाणीही जाणार, आणि २०१९ ला बघितलं की खुर्ची एका दुपारीत जाते. पाणी हा हक्क राहिला नाही, मेहरबानी झाली. ही मेहरबानी वाटायची ताकद मंत्रिमंडळाकडे आहे म्हणूनच अपक्षाचं मत तिला विकत मिळतं. आणि त्याचं मत विकलं जातं तेव्हा त्याच्याबरोबर तुमचं-आमचंही जातं, कारण त्याच्याकडे जे आहे ते आपणच दिलेलं आहे. उद्या तुमच्या डोंगराचं रूपांतर होणार असेल, तुमची शेतं कुणाला जाणार असतील, तेव्हा सभागृहात उभा राहून "हे मला मान्य नाही" असं म्हणणारा एक तरी माणूस तुम्हाला लागेल. तो त्या दिवशी सरकारी बाकावर मान खाली घालून बसलेला असेल तर आधी मिळालेल्या रस्त्याचं काय करायचं?

घटनादुरुस्ती आपल्या हातात नाही. मतदान आहे. पुढच्या निवडणुकीत अपक्ष उमेदवार तुमच्या दाराशी येईल, हात जोडील, तुमच्या आजोबांचं नाव काढील, काजूच्या बागेची चौकशी करील. गोव्यात उमेदवार घरी येतोच, तेवढं आपलं राज्य लहान आहे आणि तो त्याचा फायदाही आहे. त्याला चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. त्रिशंकू सभागृह आलं तर तू कुणाबरोबर आणि कशासाठी? मंत्रिपद दिलं तर घेणार का, आणि घेतलंस तर राजीनामा देऊन परत आमच्याकडे येणार का? पाठिंब्याच्या अटी कागदावर लिहून आम्हाला दाखवणार का? उत्तरं शेजाऱ्यांसमोर घ्या. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, बोलणं रेकॉर्ड करून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्यालाच ऐकवा.

उत्तर द्यायला कां-कूं करणारा अपक्ष आला तर त्याला मत देऊ नका, त्यापेक्षा सरळ पक्षाच्या माणसाला द्या, तो निदान आधीपासून सांगून तरी जातो. पण सरळ उत्तर देणारा एखादा भेटला, तर विधी आयोग काही म्हणो, त्याला निवडून पर्वरीला पाठवा. चाळीसांत असे पाच जण बसले तरी मंत्र्यांना उत्तरं तयार करून सभागृहात यावं लागेल.